खोक्यावरचं अक्षर

ताईचा प्रश्न एका ओळीचा होता. "तू कॉम्प्युटरवाला आहेस, तर सांग, याला जीटीए फाइव्ह घेऊन देऊ का?" भाचा तेरा वर्षांचा आहे. सहामाहीत बरे मार्क पडले तर मागशील ते देऊ, असं आईबापांनी कबूल केलं होतं. मार्क पडले, आणि त्यानं हे मागितलं.

मी "बघून सांगतो" म्हटलं. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. त्या गेमच्या युरोपीय खोक्यावर १८ हा आकडा आहे, अमेरिकन खोक्यावर एम हे अक्षर, म्हणजे सतरा वर्षं आणि पुढे. तेरा हे अठरापेक्षा आणि सतरापेक्षाही लहान असतात, एवढं कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. तरीही 'नको' म्हणताना माझी जीभ अडखळली. बारा वर्षांचा असताना मी जीटीए व्हाइस सिटी खेळत होतो, आणि हे माहीत असलेली घरातली एकमेव व्यक्ती म्हणजे ताई.

२००९ साल. सांगलीत आमच्या घराजवळ एक सायबर कॅफे होता, वीस रुपये तास. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला पडदा. व्हाइस सिटी तिथल्या प्रत्येक मशीनवर होता. सीडी होती पांढरी, तिच्यावर काळ्या मार्करनं 'वाइस सीटी' असं लिहिलेलं. खोकं नव्हतंच, त्यामुळे खोक्यावरचं एम हे अक्षरही नव्हतं. वीस रुपये बाबांच्या शर्टाच्या खिशातून येत. एका संध्याकाळी ताई मला शोधत तिथे आली, पडदा सरकवला आणि स्क्रीनकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. घरी जाताना तिनं विचारलं, "काय खेळत होतास?" मी म्हटलं, "गाड्यांचा गेम." घरी तिनं मी क्लासला होतो असं सांगितलं. पैशांबद्दल तिनं कधीच काही विचारलं नाही.

त्यामुळे 'नको' म्हणणं ढोंगीपणाचं झालं असतं, आणि 'मी खेळलोच की, काय झालं मला?' हे उत्तरही पूर्ण खरं नव्हतं. मग मी खरंच बघायला बसलो. गेमचं नव्हे, त्या आकड्याचं. तो ठरवतं कोण, आणि कशावरून?

*

व्हिडिओ गेम मुलांसाठी वाईट, ही तक्रार जवळपास व्हिडिओ गेमइतकीच जुनी आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एक्सिडी या कंपनीनं 'डेथ रेस' नावाचं नाणं टाकून खेळायचं मशीन आणलं. स्टिअरिंग फिरवायचं आणि स्क्रीनवर पळणाऱ्या काडीच्या आकृत्यांवर गाडी घालायची. आकृती मेली की किंकाळीसारखा आवाज आणि तिथे एक क्रूस उभा. चित्र काळं-पांढरं, आणि इतकं ओबडधोबड की आज ते बघून कुणी दचकणार नाही. या आकृत्या माणसं नसून 'ग्रेमलिन' आहेत, असं कंपनी म्हणत राहिली. वर्तमानपत्रं आणि टीव्हीवर टीका झाली, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेनं निषेध केला. परिणाम असा की मशीनची मागणी वाढली.

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप पिट्सबर्गमधल्या एका कार्यक्रमात म्हणाले, की मुलं तनमनानं या खेळांच्या आहारी चालली आहेत. देशाचा सर्वोच्च आरोग्य अधिकारी बोलल्यावर मथळे होणारच. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा केला की ते वैयक्तिक मत होतं, त्यामागे शास्त्रीय पुरावा नाही. मथळे मात्र पहिल्या दिवशीचेच लोकांच्या लक्षात राहिले.

आजच्या आकड्याची सुरुवात झाली ती १९९३ मध्ये, आणि तीही एका मुलानं घरी गेम मागितल्यामुळे. कनेटिकटचे सिनेटर जोसेफ लीबरमन यांच्या कार्यालयातल्या प्रमुख सहायकाच्या नऊ वर्षांच्या मुलाला 'मॉर्टल कॉम्बॅट' हवा होता. बापाला तो इतका हिंसक वाटला की त्यानं लीबरमनना सांगितलं. हे वाचलं तेव्हा मला ताईचा फोन आठवला. फरक एवढाच, की ताईचा भाऊ सिनेटर नाही.

मॉर्टल कॉम्बॅट १९९२ मध्ये शिकागोच्या मिडवे कंपनीनं आर्केडसाठी काढला होता. त्यात हातानं काढलेली चित्रं नव्हती. खऱ्या नटांचं चित्रीकरण करून त्यांच्या प्रतिमा वापरल्या होत्या. शेवटी हरलेल्याला ठार मारायच्या खास युक्त्या होत्या, त्यातली एक मुंडकं मणक्यासकट उपटायची. १३ सप्टेंबर १९९३ ला तो घरच्या कन्सोलवर आला. निन्टेन्डोनं आपल्या आवृत्तीत रक्ताच्या जागी करड्या रंगाचा घाम घातला. सेगानं रक्त ठेवलं, पण कुलपात. कंट्रोलरची बटणं ए, बी, ए, सी, ए, बी, बी अशा क्रमानं दाबली की रक्त सुरू. तो क्रम कुठल्या मुलाला माहीत नव्हता? सेगाची आवृत्ती जास्त खपली.

लीबरमन आणि विस्कॉन्सिनचे सिनेटर हर्ब कोल यांनी ९ डिसेंबर १९९३ रोजी सुनावणी घेतली. मॉर्टल कॉम्बॅटबरोबर आरोपी होता 'नाइट ट्रॅप'. त्यात खऱ्या नट-नट्यांचे व्हिडिओ होते: एका घरात मुली राहायला आल्या आहेत, हल्लेखोर घुसतात, आणि खेळणाऱ्यानं कॅमेऱ्यांतून लक्ष ठेवून त्यांना सापळ्यांत पकडायचं. म्हणजे मुलींना वाचवायचं. सुनावणीत मात्र मुलींवर हल्ले करणं हाच या खेळाचा हेतू आहे, असं त्याचं वर्णन झालं. निन्टेन्डो आणि सेगाचे प्रतिनिधी सिनेटरांपुढे एकमेकांवरच तुटून पडले. हा गेम आमच्या कन्सोलवर कधीच येणार नाही, असं निन्टेन्डोतर्फे सांगण्यात आलं. पुढची गंमत म्हणजे २०१८ मध्ये नाइट ट्रॅप निन्टेन्डोच्याच स्विचवर आला, आणि आता त्याच्यावर अक्षर आहे टी, म्हणजे तेरा वर्षांपासून पुढे. माझ्या भाच्याला चालेल असा.

सिनेटरांनी गेम कंपन्यांना सांगितलं, की तुम्ही स्वतः काही व्यवस्था केली नाहीत तर आम्ही कायदा करू. कंपन्यांनी व्यवस्था केली. सप्टेंबर १९९४ मध्ये ईएसआरबी हे मंडळ सुरू झालं. सिनेमाच्या सर्टिफिकेटसारखं, पण सरकारी नव्हे, उद्योगानंच चालवलेलं. वयानुसार पाच अक्षरी खुणा, आणि खोक्याच्या पाठीवर कारणं: रक्त, शिवीगाळ, लैंगिक दृश्यं वगैरे. याचा सर्वांत आधी फायदा झाला रक्ताला. १९९४ मध्येच मॉर्टल कॉम्बॅटचा दुसरा भाग निन्टेन्डोवर आला तो घाम पुसून, लालभडक रक्तासह. खोक्यावर इशारा छापला म्हटल्यावर आत काय आहे त्याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर गेली.

पण या सगळ्या गोष्टीतला माझा आवडता दिवस वेगळाच आहे. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबर १९९३ रोजी, टेक्ससमधल्या आयडी सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीनं विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर एक फाइल चढवली. तिचं नाव 'डूम'. पहिला भाग फुकट, बाकीचा पैसे पाठवून मागवायचा. दुकान नाही, काउंटर नाही, खोकं नाही. सिनेटर खोक्यावर काय छापावं याचा विचार करत होते, आणि गेम खोक्यातून बाहेर पडला होता.

*

हे अक्षर ठरतं कसं, हे मी आधी कधी वाचलं नव्हतं. माझी समजूत होती की कुणीतरी बसून पूर्ण गेम खेळत असेल. तसं नाही. कंपनी एक प्रश्नावली भरते आणि गेममधली सर्वांत भडक दृश्यं एकत्र करून त्यांचा व्हिडिओ पाठवते. मंडळाची प्रशिक्षित माणसं तो व्हिडिओ बघतात आणि शिफारस करतात. पन्नास-साठ तासांचा गेम, त्यात प्रत्येक जण वेगळ्या वाटेनं जाणार. सगळं खेळून बघणं व्यवहारात अवघडच. म्हणजे परीक्षेत काय लिहिलं आहे ते विद्यार्थ्यानंच आधी सांगायचं.

यातली अडचण २००५ मध्ये उघडी पडली. जीटीए सॅन अँड्रियास या गेमला एम मिळालं होतं. जून २००५ मध्ये एका डच तरुणानं छोटा प्रोग्रॅम लिहून गेममधला एक बंद भाग उघडला. नायक मैत्रिणीच्या घरी कॉफीला जातो आणि पुढचं खेळणाऱ्यानं करायचं, असा तो भाग. कंपनीनं तो गेममधून वगळला होता, म्हणजे तिथे जायची वाट बंद केली होती; कोड मात्र डिस्कवर तसाच राहिला होता. बिनसॉफ्टवेअरवाल्यांना हे गूढ वाटेल. मला अजिबात वाटलं नाही. डेडलाइन जवळ आली की आम्ही सगळेच हे करतो: काढून टाकलं तर दुसरं काही मोडेल या भीतीनं जुना कोड तसाच ठेवतो, फक्त त्याला कुणी हाक मारणार नाही एवढं बघतो. जुलैमध्ये मंडळानं एम काढून एओ, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, अशी खूण दिली. सतरा आणि अठरा यांत एका वर्षाचा फरक, पण एओ म्हटल्यावर मोठ्या दुकानांनी गेम शेल्फवरून उतरवला. त्यानंतर डिस्कवर कुलपात असलेलंही सगळं सांगायचं, असा नियम झाला.

दुकानापुरती ही व्यवस्था चालली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन हा विभाग किशोरवयीन मुलांना एकटं दुकानात पाठवून एम असलेला गेम मिळतो का ते बघत असे. २००० च्या अहवालात १०० पैकी ८५ वेळा मिळाला. २०११ पर्यंत हे प्रमाण १३ वर आलं. काउंटरवरचा माणूस अक्षर वाचून मुलाकडे बघत होता. कायदा नसताना.

कायदाही झाला होता. कॅलिफोर्नियानं २००५ मध्ये हिंसक गेम अल्पवयीनांना विकणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१० मधल्या सुनावणीत न्यायमूर्ती एलेना केगन यांनी मॉर्टल कॉम्बॅटचा विषय काढला. या न्यायालयातल्या निम्म्या क्लार्कांनी लहानपणी तो तासन्‌तास खेळला असेल, अशा अर्थाचं त्या म्हणाल्या. १९९३ ची मुलं तोवर वकील झाली होती. २७ जून २०११ रोजी न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द केला. बहुमताचा निकाल लिहिणारे अँटोनिन स्कॅलिया यांचा मुद्दा असा, की ग्रिमच्या परीकथांतही चेटकीण भट्टीत जळतेच. मुलांच्या हाती दिलेल्या गोष्टींत हिंसा कायम होती. विरोधी मत देणाऱ्या स्टीफन ब्रायर यांनी विचारलं, की तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचं चित्र असलेलं मासिक विकता येत नाही, मग तशाच स्त्रीला बांधून छळण्याचा गेम कसा विकता येतो? मी स्कॅलियांच्या बाजूचा. पण ब्रायर यांचा प्रश्न मला खोडता आलेला नाही.

*

आता माझी कबुली. असं एक वयाचं रेटिंग मी स्वतः मिळवलेलं आहे.

आधीच्या नोकरीत आमच्या टीमनं मुलांसाठी शब्दकोड्यांचं छोटं ॲप केलं होतं. ते प्ले स्टोअरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. तिथे एक प्रश्नावली येते. हिंसा आहे का? रक्त? जुगार? वापरणारे एकमेकांशी बोलू शकतात का? ठिकाण कळतं का? विकत घ्यायच्या गोष्टी आहेत का? मी टिकमार्क करत गेलो, चहा गार होण्याच्या आत संपलं, आणि ३+ असा आकडा आपोआप तयार होऊन आला. २०१३ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या मंडळांनी मिळून ही पद्धत उभी केली, कारण रोज येणारे हजारो गेम बघायला माणसं पुरणार नव्हती. एकाच उत्तरपत्रिकेवरून अमेरिकेत अक्षर, युरोपात आकडा, आणि भारतासारख्या देशांत सर्वसाधारण आकडा मिळतो. खोटं लिहिलं तर पकडलं जाऊ शकतं, ॲप काढलं जाऊ शकतं. पण पहिला शब्द ॲप करणाऱ्याचाच. ताई भाच्याच्या फोनवर जो आकडा बघते, तो कुठल्याशा ऑफिसात माझ्यासारख्यानंच मिळवलेला असतो.

आणि त्या आकड्यावर १९९३ ची छाप अजून आहे. रक्त किती, शिव्या किती, कपडे किती, हे त्याला नीट मोजता येतं. ज्या गोष्टी नंतर आल्या, त्या आकड्यात बहुतेकदा शिरत नाहीत. खाली बारीक अक्षरात 'वापरणारे संवाद साधू शकतात', 'ॲपमध्ये खरेदी' एवढंच येतं. फोर्टनाइटचं उदाहरण घ्या. कार्टूनसारखी माणसं, रक्ताचा थेंब नाही. अमेरिकेत टी, युरोपात १२. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या निर्मात्या एपिक कंपनीनं फेडरल ट्रेड कमिशनशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. तक्रार गोळीबाराची नव्हतीच. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केली, मुलांचा अनोळखी लोकांशी थेट बोलण्याचा मार्ग सुरुवातीपासूनच उघडा ठेवला, आणि बटणं अशी मांडली की चुकून खरेदी व्हावी, अशी तक्रार होती. या तिन्हींतली एकही गोष्ट भडक दृश्यांच्या व्हिडिओत दिसली नसती.

आपल्याकडे सिनेमाला १९५२ चा कायदा आहे, थिएटरच्या दारात निदान तिकीट फाडणारा तरी असतो. गेमसाठी तसं मंडळ नाही. त्यामुळे आपली गाडी दुर्लक्षावरून थेट बंदीवर जाते. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या तरुणांना अटक केली. त्याच वर्षी अकरा वर्षांच्या एका मुलानं आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याच गेमवर बंदी मागणारी याचिका केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं पब्जीसह ११८ ॲप बंद केली, पण कारण मुलं नव्हती, देशाची सुरक्षा आणि लोकांचा डेटा होता. २०२१ मध्ये तो नव्या नावानं परत आला, अठराखालच्यांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा घेऊन. खेळणारा अठराखालचा आहे हे कळायचं कसं, तर त्यालाच विचारून.

*

दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा भाच्याला म्हटलं, "तुझ्या फोनवर आत्ता काय खेळतोस ते दाखव." तो फुकट मिळणारा एक गोळीबाराचा गेम खेळत होता. त्यासाठी त्यानं कुणाची परवानगी मागितली नव्हती, कारण त्याला पैसे पडत नव्हते. शेजारी बसलो. त्यानं हेडफोन माझ्याकडे दिले. पाच मिनिटांत एक पुरुषी आवाज त्याला नावानं हाक मारू लागला, "आज लेट आलास." मी विचारलं, हा कोण? "टीममधला दादा आहे." कुठला? माहीत नाही. चार महिन्यांची ओळख. त्या दादानं एकदा त्याला बंदुकीचं रंगीत कव्हर भेट दिलं होतं, आणि परतफेड म्हणून यानं आईच्या फोनवरून एकशे साठ रुपयांचं काहीतरी घेतलं होतं. हे सांगताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मला बाबांच्या शर्टाचा खिसा आठवला.

तेव्हा मला लक्षात आलं की सायबर कॅफेत माझं जे काही बिघडलं, त्यात स्क्रीनवरच्या गोळ्यांचा वाटा थोडा होता. मी वर्षभर चोरी करत होतो आणि खोटं बोलत होतो, आणि पडद्यामागे मी काय करतो ते विचारायला कुणी येत नव्हतं. ताई आली, तर मी गाड्यांचा गेम म्हटलं, आणि तिनं ते चालवून घेतलं.

त्याच रात्री त्याची आई, तो आणि मी टेबलाशी बसलो. एकशे साठ रुपयांचं त्यानंच सांगितलं. मला सांगावं लागलं नाही. मीही मग वीस रुपयांचं सांगितलं. ताई म्हणाली, "मला माहीत होतं." तिनं बाबांच्या खिशात दोनदा स्वतःच्या शिकवणीचे पैसे टाकले होते. सोळा वर्षांनी हे कळलं. त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

फोनवरचा गेम आम्ही काढून टाकला नाही. अनोळखी लोकांशी बोलणं बंद केलं, शाळेतल्या चार मित्रांपुरतं ठेवलं, आणि खरेदीला आईचा पासवर्ड लावला. 'टीममधल्या दादा'ला निरोप द्यायची परवानगी त्यानं मागितली. ताईच्या देखत त्यानं तो टाइप केला.

जीटीए फाइव्हला मी नाही म्हटलं. आकडा अठरा आहे म्हणून नव्हे. मी तो खेळलो आहे म्हणून. त्यात एक प्रसंग आहे, एका बांधलेल्या माणसाचा छळ करायचा. हत्यार निवडायचं आणि बटणं दाबायची, ती खेळणाऱ्यानंच. त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आणि कंट्रोलर खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. हे भाच्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, पण मी ते स्किप करेन." ते स्किप होत नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला.

"मग कधी?"

"सोळाचा झालास की पुन्हा विचार. तेव्हा शेजारी बसून खेळू."

"लिहून दे," तो म्हणाला. मी वहीच्या पाठच्या पानावर लिहून दिलं, खाली सही केली, तारीख टाकली.